पाराक्लेतोस: आधी पाच ओळी वाचा

शब्दकोश तूर्त मिटून ठेवा. पाराक्लेतोस हा ग्रीक शब्द नव्या करारात (बायबलच्या दुसऱ्या भागात) फक्त 5 वेळा येतो: योहान 14:16, 14:26, 15:26, 16:7 आणि 1 योहान 2:1. मागच्यापुढच्या मजकुरासकट वाचा.

नवखे हमखास अडखळतात ते इथे:

- 'जवळ बोलावलेला' ही शब्दाची फोड म्हणजेच अर्थ, असं धरतात. फोड फक्त दिशा दाखवते.
- फी घेणारा वकील डोळ्यांसमोर आणतात. प्राचीन अथेन्सच्या कोर्टात पक्षकार स्वतःच बोलायचा. पाराक्लेतोस म्हणजे त्याच्या बाजूने उभं राहायला बोलावलेला माणूस.
- पाचही ठिकाणी एकच व्यक्ती धरतात. पत्रात (1 योहान) तो येशू, शुभवर्तमानात (योहान) पवित्र आत्मा. 14:16 मधला 'दुसरा' हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा.

मराठी बायबलातला 'कैवारी' झकास बसतो. 'सांत्वन करणारा' तोकडा पडतो. 16:8 मात्र सावकाश वाचा, तिथे हाच कैवारी जगाला दोषी ठरवतो. त्या ओळीतल्या क्रियापदाबद्दल नंतर कधी.