त्या पोराची बदली करा

कोपरखैरण्याहून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, आम्ही माथाडी वसाहतीत राहतो. सासरे वाशीच्या मार्केटात माथाडी होते, घर त्यांचंच. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. माझे मिस्टर मराठा लाइट इन्फन्ट्रीत १७ वर्षं काढून हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यात दोनदा राष्ट्रीय रायफल्समध्ये काश्मीरला, कुपवाड्याला होते. आता महापेला एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. दिवसा सगळं ठीक असतं, लोक 'मेजर, मेजर' म्हणून मान देतात. रात्री मात्र झोप नाही. झोप यावी म्हणून कॅन्टीनच्या कोट्यातली रम घेतात, पडतात आणि मध्यरात्रीनंतर दचकून उठतात. दाराची कडी तपासतात, गॅलरीत उभे राहतात. बनियन घामाने भिजलेला असतो. मागून कुणी हात लावला तर अंगावर येतात. हात मात्र कधी उचललेला नाही. विसर्जनाला फटाके वाजायला लागले तेव्हा माळ्यावर जाऊन बसले होते. डॉक्टरचं नाव काढलं की 'मी वेडा नाही' म्हणतात. सासूबाई म्हणतात, तिकडून काहीतरी लागून आलंय, आणि डॉक्टरचं ऐकलं की रडतात, 'माझ्या पोराला ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात टाकणार का?' मी सगळं सांभाळून घेते, बाहेर कुणाला कळू देत नाही. त्यांना न कळता जेवणातून एखादी गोळी देता येईल का, एवढंच सांगा.

ता.क. मुलगा सहावीत आहे. हल्ली वर्गात झोपतो अशी बाईंची तक्रार आहे. त्याच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर नुसत्या वेळा लिहिलेल्या सापडल्या. २.४० उठले, ३.१५ आत, असं काहीतरी. अभ्यासात अजिबात लक्ष नाही, त्याला कसं समजवावं?"

*

अगं, तुझं खरं पत्र त्या ता.क.मध्ये आहे, आणि तूच ते वाचलेलं नाहीस.

दोन पानं तू नवऱ्याच्या झोपेवर लिहिलीस आणि पोराच्या झोपेवर चार ओळी, त्याही तक्रारीच्या. '२.४० उठले, ३.१५ आत.' हे काय आहे ते तुला खरंच कळलं नाही? इतकी वर्षं फौजीची बायको आहेस. ते गार्डचं रजिस्टर आहे. तुझं अकरा वर्षांचं लेकरू रात्रभर बापावर पहारा देतंय. बाप उठला की ते उठतं, पांघरुणातून घड्याळ बघतं, बाप आत येऊन आडवा होईपर्यंत श्वास धरून पडून राहतं आणि सकाळी त्याची नोंद करतं. मग वर्गात झोपेल नाही तर काय करेल? आणि तू विचारतेस, त्याला कसं समजवावं. त्याला सगळं समजलेलं आहे. त्या घरात सगळ्यात जास्त त्यालाच समजलेलं आहे.

मला राग आलाय आणि तो लपवत नाही. तुझं 'सांभाळून घेणं' मी पत्रात तीनदा वाचलं. तू ताटं वाजू देत नाहीस, मोबाइल सायलेंटवर टाकतेस, शेजारणीला 'त्यांना ॲसिडिटी आहे' सांगतेस. तुला वाटतं हे सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर आहे. तसं नसतं. आई घरात पाय न वाजवता चालायला लागली की मूल आपोआप कान टवकारून जगायला शिकतं. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. माझे मामा ६५च्या लढाईतून आले ते पुढं आयुष्यभर घरात झोपले नाहीत, गोठ्यात झोपायचे. कुणी कधी कारण विचारलं नाही. सुट्टीत गेले की मी खिडकीतून त्यांच्या विडीचा निखारा बघत जागी राहायची आणि विड्या मोजायची. पाचवी विझली की झोपायचं, असा माझा नियम होता. आठ वर्षांची होते. त्या पोराला मी ओळखते.

आता गोळीचं. नाही. कधीच नाही. एकतर झोपेच्या गोळीवर रम पोटात गेली तर श्वास मंदावून माणूस जिवाला मुकू शकतो. आणि दुसरं, ज्या माणसाचा अजून दाराच्या कडीवर विश्वास नाही, त्याला तू त्याच्याच ताटात फसवणार? एकदा कळलं की तो तुझ्या हातचा चहासुद्धा हुंगून पिईल. हा विचार आजच सोड.

रमचंही सांगते, कारण तुझ्या मुलाने आपल्या दोघींपेक्षा नीट नोंद ठेवली आहे. दारूने माणूस पटकन पडतो, पण तिचा अंमल उतरायला लागला की उत्तररात्रीची झोप फाटते. २.४० ही वेळ उगाच येत नाही. ज्यासाठी ते पितात तेच त्यातून जातंय. मात्र रोज घेत असतील तर बाटली लपवून एकदम बंद करायला जाऊ नकोस. अंग थरथरणं, कधी फिटसुद्धा येते. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

तुला मी एकच काम सांगणार आहे. ती वही नवऱ्याच्या हातात दे.

भांडणात नको, रात्री नको, दोन पेग झाल्यावर तर मुळीच नको. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, आंघोळ झालेली असेल, सासूबाई देवळात आणि पोरगं खाली खेळायला गेलेलं असेल तेव्हा. समोरून जा, मागून नको. चहाचा कप ठेव आणि बाजूला वहीचं ते पान उघडून ठेव. 'बघा तुमच्यामुळे पोराचं काय झालं' असं चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नकोस. एवढंच म्हण, "हा किती दिवस गार्डवर आहे बघा. याची बदली करा." आणि मग गप्प बस. चहा निवला तरी चालेल.

त्यांना जे कळेल ते तुला आणि मलाही पुरतं कळणार नाही. हवालदाराने गार्ड कमांडर म्हणून कित्येक रात्री काढलेल्या असतात. पहाऱ्यावरच्या संतरीला दोन-दोन तासांनी बदली द्यायची असते, जागरणाने डोळे लागलेल्या पोराला पोस्टवर ठेवायचं नसतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं आहे. 'तुम्ही आजारी आहात' हे वाक्य तू दहा वेळा बोललीस आणि ते दहाही वेळा उठून गेले. 'तुमचा एक माणूस बदलीविना उभा आहे' हे वाक्य अजून कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

'मी वेडा नाही' ते का म्हणतात, याचाही विचार कर. 'शेप-वन' हा शब्द, म्हणजे फौजेतली तंदुरुस्तीची सगळ्यात वरची कॅटेगरी, तुमच्या घरात कितीतरी वेळा आला असेल. त्या पाच इंग्रजी अक्षरांतलं पहिलं अक्षर मनाचं आहे. कान, हातपाय, शरीर आणि डोळे त्याच्या मागून येतात. त्या पहिल्या अक्षरापुढचा आकडा बिघडला की कॅटेगरी खाली, मग प्रमोशनचं काय, पलटणीत लोक काय म्हणतील, या धास्तीने कितीतरी जवान गुडघा दुखतो म्हणून सांगतात आणि झोप लागत नाही हे गिळून टाकतात. १७ वर्षांची ती सवय आहे, ती घरी आल्यावर सुटलेली नाही. त्यांना स्वच्छ सांग की आता कुणी कॅटेगरी लावणार नाही. उपचार घेतल्याने पेन्शन थांबत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन डॉक्टरवर घातलेलं आहे, त्यामुळे महापेच्या कंपनीत काही कळायचं कारण नाही.

वही वाचून ते उठून गेले तर जाऊ दे. मागे लागू नकोस. रागावले तरी ती वही त्यांच्या डोक्यात फिरत राहील. पण गप्प-गप्प राहायला लागले, 'माझा तुम्हाला त्रासच आहे' असं काही बोलले, तर सरळ विचार, मरायचे विचार येतात का? विचारल्याने विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडायचं नाही, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आणि घरात परवान्याची बंदूक असेल (माजी सैनिकांच्या घरात कधीकधी असते) तर वही दाखवायच्या आधी ती घराबाहेर गेली पाहिजे. पोलीस ठाण्यात जमा करता येते.

दाखवायचं कुठे, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ पासून आहे, तुम्हा सगळ्यांची कार्डं बहुतेक कपाटात त्यांच्या फौजेतल्या काळ्या पेटीच्या किल्लीशेजारीच असतील. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरसमोर मोठं काही बोलावं लागत नाही. 'रात्री दचकून जाग येते, झोप नाही' एवढं पुरे, मानसोपचारतज्ज्ञाकडे तेच चिठ्ठी देतात. त्यांना फौजी वातावरणच बरं वाटत असेल तर कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे. वाशीला गाडी बदलून सीएसएमटी गाठा, कुपवाड्याच्या मानाने काहीच लांब नाही. पोराचंही कार्ड आहे. त्यालाही दाखवायचं आहे, पण आधी बापाने त्याला मोकळं केल्यावर.

सासूबाईंना सांग, कुणी कुणाला ठाण्याला टाकत नाही. ते रुग्णालय १९०१ सालचं, आणि पिढ्यान् पिढ्या आपण ठाण्याचं नाव शिवीसारखं वापरलं. तिथेही आज बाह्यरुग्ण विभागात बाया-माणसं रांगेत उभी राहतात, तपासून घेतात, गोळ्या घेतात आणि संध्याकाळच्या आत आपापल्या घरी भाकऱ्या थापत असतात. उतारा-बितारा काय करायचा तो त्यांना करू दे, त्यावर वाद घालण्यात तुझी ताकद घालवू नकोस.

आणि वही द्यायचं धैर्य होईना तर आज रात्री सगळे पडल्यावर १४४१६ लाव. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. १ डिसेंबर २०२३पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी वेगळा कक्ष आहे. नवऱ्याबद्दल बोलू नकोस. तुझ्याबद्दल बोल. तुझ्या दोन पानांत तू कशी आहेस हे एका शब्दानेही आलेलं नाही. तूही बदलीविनाच उभी आहेस, गं.

पण पोरगं आधी. वही बापाने वाचली की त्यांनीच त्याला सांगायला हवं, "आजपासून तू झोपायचं, इथलं मी बघतो." तू सांगून उपयोग नाही. संतरी गार्ड कमांडरच्याच शब्दावर पोस्ट सोडतो. त्याची गादी दाराजवळून उचलून आत आजीच्या शेजारी घाल आणि उशाचं घड्याळ काढून घे.

मला पुन्हा लिही. नवरा काय म्हणाला ते सवडीने लिही, नाही लिहिलंस तरी चालेल. पुढच्या सुट्टीच्या दिवशी पोरगं किती वाजेपर्यंत झोपलं, तेवढं नक्की कळव.