राउटरला 1 ऐवजी 2 अँपिअरचा अडॅप्टर लावला तर राउटर जळेल का?

नाही जळणार. व्होल्ट आणि प्लस-मायनस जुळत असतील तर बिनधास्त लावा. तुमच्या हरवलेल्या अडॅप्टरवर 12 व्होल्ट 1 अँपिअर होतं आणि ऐरोलीतल्या दुकानात 12 व्होल्ट 2 अँपिअरचाच मिळतोय, एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. अँपिअर जास्त झाले म्हणून वस्तू जळते ही समजूत कुठून आली देव जाणे, पण शिकलेली माणसंही ती छातीठोकपणे सांगतात.

मी बरीच वर्षं वागळे इस्टेटमध्ये अडॅप्टर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात टेस्टिंगला होते. 12 व्होल्ट 1 अँपिअरचा माल आला की त्याला 12 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारा भाग, लावायचा, चांगला तापू द्यायचा आणि व्होल्टेज किती खाली येतं ते बघायचं. 24 ओहमचा, म्हणजे दुप्पट अडवणारा, लावला की त्याच अडॅप्टरमधून अर्धाच अँपिअर जायचा. म्हणजे किती अँपिअर ओढायचे ते पुढे जोडलेली वस्तू ठरवते. अडॅप्टरवर छापलेला आकडा ही त्याची जास्तीत जास्त देण्याची ताकद. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, रेझिस्टरचे चटके खाऊन सांगतेय.

आमच्या घरी मात्र हे अजून कोणी मानत नाही. माझ्या धाकट्या दिरांनी त्यांच्या मुलीसाठी वापरलेला कीबोर्ड घेतला, अडॅप्टरशिवाय. मागे 9 व्होल्ट, 850 मिलिअँपिअर (म्हणजे 0.85 अँपिअर) असं लिहिलेलं. गणपतीत तिला आरत्यांना साथ करायची होती. भाऊजींनी ठाणे स्टेशनजवळच्या दुकानातून फोन केला, ‘वहिनी, 9 व्होल्ट 2 अँपिअरचा आहे, घेऊ का?’ मी म्हटलं, ‘घ्या, पण लावायच्या आधी कीबोर्डच्या जॅकशेजारचं चिन्ह बघा. मधल्या टिंबाला प्लस जोडलाय की मायनस, आणि अडॅप्टरवरही तसंच आहे का.’ त्यांनी पहिला शब्द ऐकला आणि पैसे दिले. सगळे सारखेच असतात, असं दुकानदारानेही सांगितलं म्हणे. घरी जाऊन लावला, कीबोर्ड बंद.

गौरीच्या जेवणाला सगळे नातेवाईक जमले होते. तिथे भाऊजी म्हणाले, ‘वहिनींनी 2 अँपिअर चालेल सांगितलं आणि कीबोर्ड गेला.’ भाऊजी इंजिनिअर, मी बारावी. पंगतीत कोणाचं खरं धरलं गेलं ते सांगायला नको. ते इंजिनिअर सिव्हिलचे आहेत, हे कोणाला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन त्यांच्याकडे गेले. लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेरच्या कड्याला. मीटरवर 9.1 आलं, आकड्याआधी मायनसची खूण नाही. म्हणजे अडॅप्टर आत प्लस. कीबोर्डवरच्या चिन्हात मात्र आत मायनस होता. करंट उलटा गेला होता. दुरुस्तीवाल्याने कीबोर्ड उघडला तर उलट्या जोडणीपासून वाचवायला बसवलेला डायोड शॉर्ट झालेला, बाकी सगळं शाबूत. डायोड बदलला. मी अडॅप्टरची वायर पिनजवळ कापली, दोन्ही तारा अदलाबदल करून जोडल्या, टेप मारली, मीटरने पुन्हा तपासलं आणि लावला. तोच 2 अँपिअरचा अडॅप्टर. पुतणी आजही त्यावरच वाजवते. एवढं डोळ्यांसमोर होऊनही भाऊजी विषय निघाला की ‘अँपिअर जास्त झाले होते’ असंच म्हणतात.

त्यांना मी विचारलं होतं, तुमच्या हॉलमधलं सॉकेट 16 अँपिअरचं, त्यात 9 वॅटचा एलईडी दिवा लावता तेव्हा तो का जळत नाही? उत्तर नाही. स्वतःचा फोन ते लॅपटॉपच्या 65 वॅटच्या टाइप-सी चार्जरवर लावतात. तो चार्जर 20 व्होल्टला सव्वातीन अँपिअर देऊ शकतो, पण समोरची वस्तू जास्त मागत नाही तोवर 5 व्होल्टवरच थांबतो. फोन सुखरूप आहे.

तर, व्होल्ट तंतोतंत हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. अर्ध्या अँपिअरचा मात्र कोणी फुकट दिला तरी लावू नका. तो तापतो, व्होल्टेज पडतं आणि राउटर सारखा रिस्टार्ट होतो, मग आपण नेटवाल्याला शिव्या देतो. राउटरला सहसा आत प्लस लागतो, तरी चिन्ह बघाच. गिटारच्या पेडलना आणि कॅसिओच्या जुन्या कीबोर्डना आत मायनस लागतो, म्हणून घरातला कुठलाही अडॅप्टर कुठेही खुपसायचा नाही. आउटपुटसमोर डीसी आहे ना तेही बघा, काही अडॅप्टर एसी देतात.

पिनचं माप राहिलं. बाहेरून 5.5 मिलिमीटरच्या पिनेत आतलं भोक 2.1 किंवा 2.5 असतं. 2.1 च्या जॅकमध्ये 2.5 ची पिन जाते, पण सैल बसते आणि हात लागला की राउटर बंद. दुकानातच लावून हलवून बघा, त्यासाठी राउटर सोबत न्या.

एक गोष्ट भाऊजींच्या बाजूनेही सांगते. जोडणी चुकलीच, तर मोठा अडॅप्टर जास्त करंट ढकलतो आणि नुकसान वाढू शकतं. आणि जुने, हातात जड लागणारे ट्रान्सफॉर्मरचे अडॅप्टर असतात, त्यांत रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, नसेल तर 12 लिहिलेला अडॅप्टर पुढे काही जोडलेलं नसताना 16-17 व्होल्टही दाखवतो. मोठ्या अँपिअरच्या तशा अडॅप्टरला छोटी वस्तू लावली तर तिला खरंच धोका असतो, पण तो व्होल्टचा. तुम्हाला दुकानात मिळतोय तो हलका असेल तर ही काळजी नाही. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या, बिल घ्या.

राउटरवरचं चिन्ह पुसट असेल तर जॅकजवळचा आणि अडॅप्टरच्या लेबलचा फोटो इथे टाका, बघून सांगते. तोवर लावू नका.