तिन्ही सिद्धांत ‘चूक’च म्हणतात, मग तीन कशाला?

कोल्हापूरहून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने लिहिले आहे: ‘अंतर्गत परीक्षेत सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या खोट्या हिशेबांचे प्रकरण तीन नीतिसिद्धांतांच्या आधारे तपासायला सांगितले होते. तिन्हींनुसार मी ते चूक ठरवले, तरी वीसपैकी नऊच गुण मिळाले. मला सीए करून फॉरेन्सिक ऑडिटमध्ये, म्हणजे आर्थिक घोटाळे शोधण्याच्या कामात, जायचे आहे. बाबा म्हणतात, त्या कामात हा विषय कोणी विचारत नाही. तो मनावर घ्यावा का?’

तुमचे उत्तर चुकले नव्हते, ते फार लवकर संपले होते. खोटे हिशेब वाईट, हे सांगायला तत्त्वज्ञ कांट लागत नाही. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदारही ते सांगेल. चूक नेमकी कोणत्या क्षणी झाली आणि ती कोणाकोणाची, याची उत्तरे मात्र तिन्ही सिद्धांत (परिणाम बघणारा परिणामवाद, कर्तव्य बघणारा कांटचा आणि चारित्र्य बघणारा ॲरिस्टॉटलचा) वेगवेगळी देतात, आणि गुण तिथेच होते.

सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला लिहिलेले पत्र समोर ठेवा. सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदात रोख व बँकशिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती आणि त्यांतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, अशी कबुली त्यात आहे. सुरुवातीला खऱ्या आणि दाखवलेल्या आकड्यांतली तफावत किरकोळ होती, ती वर्षानुवर्षे वाढत गेली, आणि आपण स्वतः एक रुपयाही घेतला नाही, असेही ते लिहितात. (शेअर बाजाराची नियंत्रक असलेल्या सेबीने २०१४ मध्ये बेकायदा लाभ परत करण्याचा आदेश दिला, तो या दाव्याशेजारी ठेवून वाचावा.)

हा बचाव मुळात परिणामवादी आहे. खरे आकडे दाखवले असते तर कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात गेली असती, तेव्हा थोडे झाकून सगळे सावरावे, असा तो हिशेब. परिणामवादी त्याला त्याच्याच तराजूत तोलतो. सत्य बाहेर आले त्या दिवशी समभाग तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. पण सरकारने नवे संचालक मंडळ नेमले आणि एप्रिलमध्ये टेक महिंद्राने बोली जिंकली. म्हणजे ज्याची भीती होती ते हस्तांतर झालेच, आणि कंपनी त्यातून तगली. नुकसान वाढवले ते कबुलीला झालेल्या उशिराने. या सिद्धांताची दुबळी बाजूही उत्तरात लिहायला हवी होती: तफावत पुढे खरोखर भरून निघाली असती, तर त्याला आक्षेप घेणे जड गेले असते.

कांटला ती अडचण येत नाही. त्याच्या लेखी पहिले खोटे बिल बनले तेव्हाच विषय संपला. तोटा लपवण्यासाठी प्रत्येक कंपनीने ताळेबंद फुगवायचे ठरवले, तर ताळेबंद या शब्दावर कोणीच विश्वास ठेवणार नाही आणि लबाडीही निरुपयोगी होईल. पैसे खाल्ले की नाही, हा प्रश्नच इथे गौण ठरतो, कारण भागधारकाला अंधारात ठेवून त्याच्या पैशाचा निर्णय आपण घेतलेला असतो. ॲरिस्टॉटलच्या वाटेने जाणारा माणूस वर्षानुवर्षे चाललेल्या सवयीकडे बघेल, आणि दर तिमाहीला ‘एवढी एकच’ म्हणणारे मन कसे घडते, हे विचारेल.

आता तुमच्या बाबांच्या मुद्द्याकडे येतो. लेखापरीक्षकाने बँकेतील शिल्लक पडताळताना पत्र स्वतः पाठवायचे असते आणि उत्तर बँकेकडून थेट त्याच्या कार्यालयात यायचे असते. सत्यमचे लेखापरीक्षक असलेल्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय फर्म्सनी तिथे ही देवाणघेवाण कंपनीच्या व्यवस्थापनाच्या हाती सोडली होती, असे अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ च्या आदेशात नोंदवले. आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीए होताना फर्ममध्ये करायच्या उमेदवारीत, हेच तुमच्या टेबलावर येईल: क्लायंटचा अकाउंटंट चहा मागवील, बँकेचा बंद लिफाफा पुढे करील आणि म्हणेल, ‘मॅडम, मीच जाऊन आणला, तुमची फेरी वाचवली.’ त्या वेळी ५,०४० कोटी दिसत नाहीत, फक्त वाचलेली फेरी दिसते. परिणामवाद तिथे पटकन फसवतो, कारण एका लिफाफ्याचा परिणाम शून्यच वाटतो. कर्तव्याचा विचार मात्र तो लिफाफा परत करायला लावतो. माझ्या मते ऑडिटच्या नोकरीत कांट अधिक कामाचा आहे, परीक्षकाचे मत काहीही असो.

कायद्यानेही हे कर्तव्य आता कागदावर आणले आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४३(१२) नुसार एक कोटी रुपये किंवा त्याहून मोठी फसवणूक घडल्याचे मानण्यास कारण दिसले, तर लेखापरीक्षकाला केंद्र सरकारला कळवावे लागते. तेव्हा विषय जरूर मनावर घ्या, आणि आर्टिकलशिपसाठी फर्म निवडताना मुलाखतीत स्टायपेंडबरोबर एवढे विचारा, की बँकेची पत्रे कोण टाकते आणि उत्तरे कोणाच्या पत्त्यावर येतात.