फेसच्या जुन्या शहरात पहिल्यांदा जाताना

मोरोक्कोतल्या फेसच्या जुन्या शहरात, म्हणजे फेस अल-बालीत, पहिल्या दिवशी बाब बूजलूद या निळ्या दरवाजातूनच शिरा. आत शिरल्यावर तालआ कबीरा आणि तालआ सगीरा या दोन मुख्य गल्ल्या लागतात. दोन्ही उतारावर आहेत आणि करावियीन मशिदीच्या बाजूला नेतात. मशिदीत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, दारातूनच बघावं लागतं. त्याची भरपाई बू इनानिया मदरशात होते. तिथलं लाकडावरचं आणि चुन्यातलं कोरीवकाम सावकाश बघा.

रस्ता चुकणारच. उंच भिंतींमध्ये फोनचा नकाशा भरकटतो आणि भलतीच गल्ली दाखवतो, म्हणून चढ-उतारावर भरवसा ठेवा: चढ धरलात तर बहुधा बूजलूदकडे पोहोचाल, उतार धरलात तर नदीकडच्या र्सीफ चौकाकडे. र्सीफला लाल टॅक्सी मिळते. मीटर लावायला सांगा, तिघांहून जास्त जणांना ती घेत नाही. 'पुढे रस्ता बंद आहे' असं सांगत कुणी मागे लागलं तर थांबू नका, दुकानदाराला विचारा. 'बालाक!' ऐकू आलं की लगेच भिंतीला चिकटा, मागून लादलेलं खेचर येत असतं.

शुआरा चर्मालय, म्हणजे कातडी कमावण्याची जागा, आजूबाजूच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून दिसतं. तिथला वास झाकायला पुदिना हातात देतात. खरेदीची सक्ती नाही, पण दहा-वीस दिरहम सुटे द्यावेत. शुक्रवारी दुपारी बरीच दुकानं बंद असतात, खरेदी इतर दिवशी ठेवा.

शाकाहाऱ्यांनी हरीरा सूप मागण्याआधी विचारावं, त्यात बहुधा मांस असतं. वाळलेल्या बाकल्याचं बिसारा सूप मात्र पोटभरीचं आणि स्वस्त.