नाव सरांचं, गल्ला तुमचा

प्रश्न : मी आणि माझा मित्र पार्टनरशिपमध्ये खाणावळ काढतोय. आमच्या भागात एक सर होते, जाऊन आठ वर्षं झाली त्यांना, अर्धा एरिया त्यांच्या हाताखाली शिकलाय, मी पण. परीक्षेच्या दिवसांत पोरं उपाशी बसू नयेत म्हणून स्वतःच्या घरून जास्तीचा डबा आणायचे. म्हणून खाणावळीला त्यांचंच नाव द्यायचं डोक्यात आहे, बोर्डवर फोटो पण. काकूंना विचारलं तर त्यांचे डोळेच भरून आले, म्हणाल्या लाव की, विचारतोस काय. पण त्यांचा मुलगा फोनवर नुसतं "बघू" म्हणतो, आणि इथले एकदोघं आत्तापासूनच बोलायला लागलेत की सरांच्या नावावर पैसे छापणार. मी चुकतोय का?

उत्तर : चुकत नाहीये हो, पण घाई करताय. काकूंचं "लाव की" मनापासूनचं आहे, पण ते तोंडी आहे आणि मुलाचं "बघू" म्हणजे हो नाही. उद्या नाव ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर करायला गेलात तर आपल्या ट्रेड मार्क्स कायदा १९९९ चं कलम १४ आडवं येऊ शकतं. माणूस हयात असेल किंवा जाऊन २० वर्षं झाली नसतील, आणि नावावरून त्याचा धंद्याशी संबंध आहे असा खोटा समज होत असेल, तर रजिस्ट्रार कायदेशीर प्रतिनिधींची लेखी संमती मागू शकतो. तुमच्या सरांना आठच झालीत, म्हणजे तुम्ही त्यात बसताच. (सर होते म्हणून एवढ्यावर भागतंय, छत्रपती शिवाजी महाराज किंवा महात्मा गांधी ही नावं तर १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्याच्या यादीतच आहेत, धंद्याला वापरायची तर सरकारची परवानगी लागते.)

तर एक साधा कागद करा, काकू आणि मुलगा दोघांची सही. पण त्यात फक्त "परवानगी आहे" एवढंच लिहून थांबू नका. तुमचं आणि मित्राचं फाटलं तर नाव कोणाकडे राहणार, खाणावळ विकली तर नवीन मालकाला ते मिळणार का, घरच्यांना कधी नकोसं वाटलं तर किती दिवसांत बोर्ड उतरवायचा, हे आत्ताच लिहा, कारण आत्ता सगळे गोड बोलतायत. केएफसीच्या बोर्डवरचा तो दाढीवाला म्हातारा माहितीये ना, हारलँड सँडर्स, त्याने १९६४ मध्ये कंपनी २० लाख डॉलरला विकली, पण चेहरा बोर्डवर तसाच, आणि नंतर तो स्वतःच तिथल्या ग्रेव्हीला उघड नावं ठेवत फिरायचा. तो निदान जिवंत होता, बोलू तरी शकला. सर काय बोलणार?

दुसरं म्हणजे मोठ्या माणसाचं नाव घेतलं की ते तुमच्या एकट्याचं राहत नाही. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या पॉल फ्युर्स्ट नावाच्या मिठाईवाल्याने १८९० मध्ये तिथलाच मोठा संगीतकार मोझार्ट याच्या नावाची गोल मिठाई काढली, नाव मात्र रजिस्टर केलं नाही, मग बाकीच्यांनी पण सुरू केली, आणि आता एकजण "ओरिजिनल" लिहितो तर दुसरा "अस्सल". तुमच्या कोपऱ्यावर सरांचा अजून एखादा विद्यार्थी चहाची टपरी टाकेल, त्याला काय सांगणार?

आता फोटोचं. याच्यात मी जरा कडक आहे. पार्सलच्या पिशवीवर, बिलावर, टिश्यूवर चेहरा छापू नका, त्या पिशव्या संध्याकाळी कुठे पडलेल्या असतात ते तुम्हाला माहितीच आहे. आणि ऑनलाइन रिव्ह्यूत लोक खाणावळ वगैरे लिहीत बसत नाहीत, सरळ लिहितात "अमुक सर एकदम बकवास, भाजीत केस, एक स्टार". आचारी दांडी मारणार तुमचा आणि ते वाचणार काकू. पहिल्या सहा महिन्यांत असे दिवस येतातच, कितीही चांगलं चालवलं तरी. फोटो हवाच असेल तर आत लावा, गल्ल्याच्या मागे, एकच.

मला विचाराल तर पूर्ण नाव नकोच, नाव तुम्ही स्वतःच पत्रात लिहून पाठवलंय की! "सरांचा डबा". ज्यांना सर माहितीयेत त्यांना बरोबर कळेल, बाकीच्यांना ते खाणावळीचं चांगलं नाव वाटेल, आणि कोणी शिव्या घातल्या तरी त्या डब्याला पडतील. तरी घरच्यांचा कागद कराच, "बघू"वाल्याला हे नाव सांगून परत फोन लावा, कदाचित त्याला आडनावच बोर्डवर नको असेल.

आणि ते एकदोघं, ते बोलणारच. पहिल्या आठवड्यात तेच जेवायला येतील आणि मीठ जरा जास्त पडलं की "सर असते तर..." म्हणून ऐकवतील, तेवढी तयारी ठेवा.