मीडियम फॉरमॅट फिल्म कॅमेरा निवडताना दुरुस्तीचा विचार आधी करावा

मीडियम फॉरमॅटच्या, म्हणजे ३५ मिमीहून मोठ्या चौकटीच्या, मामिया आरबी६७ प्रो-एस, ब्रॉनिका एसक्यू-ए आणि कॉन्टॅक्स ६४५ यांपैकी कोणता कॅमेरा घ्यावा असे आपण विचारले आहे, आणि आपले काम मुख्यतः पुण्यात राहून करायच्या व्यक्तिचित्रांचे आहे असेही लिहिले आहे. माझे मत आरबी६७ च्या बाजूने आहे. तिन्ही कॅमेऱ्यांच्या लेन्स आपल्या कामाला पुरून उरतील इतक्या चांगल्या आहेत, त्यामुळे चित्राच्या दर्जाची तुलना करत बसण्यात अर्थ नाही. तिघांचेही उत्पादन केव्हाच थांबले असल्याने कॅमेरा बिघडेल त्या दिवशी आपल्या हातात काय उरते, हे आधी पाहावे.

कॉन्टॅक्स ६४५ हा १९९९ साली आला आणि तो बनवणाऱ्या क्योसेरा कंपनीने २००५ मध्ये कॅमेऱ्यांच्या व्यवसायातून अंग काढून घेतले. ऑटोफोकस आणि झाइसची ८० मिमी एफ/२ लेन्स यांमुळे परदेशातील लग्नाच्या छायाचित्रकारांनी त्याला डोक्यावर घेतले व त्याची किंमत वाढली. परंतु त्याचे सर्व व्यवहार सर्किट बोर्डावरून चालतात, आणि बोर्ड गेल्यास दुसऱ्या मृत कॅमेऱ्यातून तो काढण्याखेरीज फारसा मार्ग राहत नाही. ब्रॉनिका त्या मानाने सोशिक आहे. तिच्या लेन्समधील शटरचे नियंत्रण विजेवर चालत असल्याने ६ व्होल्टची बॅटरी संपली की केवळ १/५०० सेकंद हा एकच वेग मिळतो; मात्र बॅटरी आजही सहज मिळते, आणि वजनाची अडचण असलेल्या माणसाला मी हाच कॅमेरा सुचवीन.

आरबी६७ ची पहिली आवृत्ती १९७० ची, तर प्रो-एस १९७४ ची. तिच्या बॉडीत बॅटरी नाहीच. प्रत्येक लेन्समध्ये स्वतंत्र यांत्रिक शटर असून ते १ सेकंदापासून १/४०० पर्यंत स्प्रिंग आणि दंतचक्रांवर चालते, त्यामुळे एक शटर बिघडले तर तेवढी लेन्स बाजूला ठेवून उरलेल्या लेन्सवर काम चालू राहते, आणि यांत्रिक शटर उघडून साफ करणारा कारागीर शोधणे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला शोधण्याइतके अवघड नाही. शिवाय कोणत्याही वेगाला फ्लॅश जुळतो, ही गोष्ट व्यक्तिचित्रांसाठी फार मोलाची आहे. आडव्या चौकटीवरून उभ्या चौकटीवर जाताना अडीच किलोहून जड कॅमेरा कलंडवावा लागत नाही, फक्त मागची फिल्म बॅक (फिल्म ठेवण्याचा सुटा डबा) फिरवायची असते.

घेताना सर्वप्रथम संथ वेग तपासावेत. १ सेकंद आणि १/२ सेकंदाला शटर अडखळत असेल किंवा मध्येच रेंगाळत असेल, तर आतले वंगण सुकले आहे असे समजावे. हा दोष सर्व्हिसिंगने जातो, पण तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. नंतर अंधाऱ्या खोलीत फिल्म बॅक काढून बेलोजच्या, म्हणजे पुढच्या घडीदार भात्याच्या, आत टॉर्च धरावा आणि भाता पूर्ण लांबवून कोपऱ्यांतून प्रकाशाचे ठिपके दिसतात का हे बाहेरून पाहावे. बॅकमधील फोम जवळजवळ नेहमीच चिकट भुसा झालेला असतो, म्हणून विक्रेत्याने काहीही सांगितले तरी तो बदलावा लागणार हे गृहीत धरावे. काम सोपे आहे आणि घरी होते. बॅक १२० फिल्मची आहे याचीही खात्री करून घ्यावी. २२० च्या, म्हणजे दुप्पट लांब रोलच्या, बॅक स्वस्त दिसतात, पण त्या फिल्मचे उत्पादन मोठ्या कंपन्यांनी थांबवले आहे. १२० च्या एका रोलवर आपल्याला दहा चौकटी मिळतील.

वापरताना दोन गोष्टी अंगवळणी पडाव्या लागतात. आरसा व शटर चढवण्याचा खटका बॉडीवर, तर फिल्म पुढे सरकवण्याचा खटका बॅकवर, अशी ही दोन वेगळी कामे आहेत. लेन्स बदलतानाही बॉडी आणि लेन्स दोन्ही चढवलेल्या स्थितीत असाव्या लागतात. बसत नसेल तर जोर न लावता आधी ते पाहावे. दुसरी गोष्ट प्रकाशमापनाची. फोकस भाता लांबवून होत असल्याने जवळून चेहरा टिपताना फिल्मवर पोहोचणारा प्रकाश कमी होतो. ९० मिमी लेन्स पूर्ण बाहेर काढल्यास हा फरक एका स्टॉपहून अधिक भरतो, म्हणजे प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो. हातातले मीटर हा फरक दाखवत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूला छापलेल्या पट्टीवरून तो वाचून घ्यावा. स्लाइड फिल्मवर हे विसरणे महागात पडते, निगेटिव्ह फिल्म बरेच सांभाळून घेते.

आपल्याकडच्या पावसाळ्याबद्दल मात्र मी सविस्तर सांगेन, कारण जपानमधून स्वच्छ आलेल्या लेन्स इथे बुरशीने खराब होतात. चामड्याच्या पेटीत किंवा कपड्यांच्या कपाटात लेन्स कधीही ठेवू नयेत. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणारे ड्राय कॅबिनेट उत्तम; ते परवडत नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते, फक्त जेल वेळोवेळी तापवून पुन्हा कोरडे करावे लागते. बुरशी वरवरची असेल तर पुसली जाते, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही. म्हणून विकत घेतानाही लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून पाहावा, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर किंमत कितीही आकर्षक असली तरी सोडून द्यावी. धुळीचे चार कण दिसले म्हणून मात्र सौदा मोडू नये. त्यांचा चित्रावर परिणाम होत नाही.

रंगीत रोल धुण्यासाठी पाठवावा लागला तरी कृष्णधवल रोल घरच्या टाकीत धुता येतात, म्हणून सुरुवात एचपी५ किंवा फोमा या कृष्णधवल फिल्मच्या रोलवर करावी आणि पहिल्या रोलची प्रत्येक चौकट वेगळ्या शटरवेगाने, त्यानुसार लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) बदलून घ्यावी. निगेटिव्हची घनता सर्वत्र सारखी आली नाही, तर कोणता वेग चुकतो आहे हे तिथेच कळेल आणि विक्रेत्याकडे परत जाण्याची मुदतही शिल्लक असेल.