शिंपल्यातली भोकं कोणाची?

प्रश्न : सासूबाई ओहोटीला मिऱ्याच्या खडपावरून कालवं आणतात. परवा एका शिंपल्याची पाठ अगदी चाळणीसारखी झालेली होती आणि भोकाभोकांत पिवळे ठिपके होते. सासूबाई म्हणतात, किडा लागलाय. फोडून पाहिलं, तर किडा कुठेच नाही. हे काय असेल?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, किडा सापडायचा नाही. ते पिवळे ठिपके हाच तो प्राणी. क्लायोना नावाचा, शिंपले पोखरणारा स्पंज. शिंपल्याच्या जाडीत त्याचं सगळं अंग पसरलेलं असतं. बाहेर दिसतात ती फक्त त्याची दारं.

दारं दोन तऱ्हेची. काहींमधून पाणी आत जातं, काहींमधून बाहेर पडतं. स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतूही नाहीत. आतल्या बारीक कप्प्यांना कॉलर पेशींचं अस्तर असतं. प्रत्येक पेशीला एक चाबकासारखा धागा आणि त्याच्याभोवती गळपट्टीसारखी कॉलर. हे असंख्य धागे सतत हलतात, म्हणून पाणी खेचलं जातं. पाण्यातले जिवाणू पेशींच्या कॉलरमध्ये अडकतात, तेच त्याचं जेवण. प्राणवायूही त्याच पाण्यातून मिळतो.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असताना स्पंज वाढलेला एक दगड मुलांनी समुद्राच्या पाण्यासकट बादलीतून आणला होता. त्याच्याजवळ शाईचे दोन थेंब सोडले. थोड्या वेळाने वरच्या मोठ्या भोकातून निळी रेघ वर चढली, आणि अख्खा वर्ग गप्प झाला. एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञांनी १८२५ साली याच धारेचं वर्णन छापलं. तोवर स्पंज ही वनस्पतीच, असं मानणारे पुष्कळ होते.

आता पोखरण्याबद्दल. क्लायोनाला दात नसतात. त्याच्या पेशी चुना विरघळवणारी द्रव्यं सोडतात, शिंपल्याचे सूक्ष्म कपचे सुटे करतात, आणि ते कपचे बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातात. कालवाचं मांस तो खात नाही, त्याला हवा असतो निवारा. पण कालवाला आतून पुन्हा पुन्हा नवा थर चढवावा लागतो, त्यात त्याची ताकद जाते. असा शिंपला फोडताना भुगा होतो, हे सासूबाईंनी नक्की पाहिलं असेल.

पुन्हा असा ताजा शिंपला मिळाला तर एक तुकडा व्हिनेगरमध्ये ठेवा. बुडबुडे येतील. ते थांबले की व्हिनेगर बदलत राहा, काही दिवसांत चुना विरघळेल. मागे मऊ पिवळसर गोळा उरेल, तो स्पंज. त्याला आधार देणाऱ्या सुया सिलिकाच्या असतात, म्हणून त्या विरघळत नाहीत. जवळच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर गोळ्याचा कण त्याखाली धरा आणि सासूबाईंनाही बोलवा. टाचण्या दिसतील, एका टोकाला गाठ असलेल्या.